धडधड, आगळ आणि एक नंबरची बाटली

माझ्या छातीत धडधडतंय ही बातमी मला कळायच्या आधी आमच्या वाडीला कळली होती.

त्याचं काय झालं, मी आमच्या आचऱ्याच्या भजनी मंडळात मृदंग वाजवत असे. (दिवसा शाळेत मास्तर, गुरुवारी संध्याकाळी मृदंग. दोन्हीकडे आवाज काढायचंच काम!) साल अठ्ठावन्न-एकोणसाठ असेल. त्या गुरुवारी अभंग संथ चालला होता आणि माझे हात मात्र जत्रेला निघाल्यासारखे पळत होते. बुवांनी पेटी थांबवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तरांनू, खंय पोचाचा आसा? होडी सुटता की काय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग सहज छातीवर हात ठेवला, तर आत माझ्यापेक्षा जलद कुणीतरी वाजवत होतं! वय अडतीस, घरात दोन लहान मुली. खरं सांगतो, मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच होडीने खाडी ओलांडून, उरलेली वाट तुडवत मालवण गाठलं.

डॉक्टरांनी नळी लावली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं नाही. पण हलगर्जीपणाही नको. हे मिक्श्चर दिवसातून तीनदा. काळा चहा बंद. आणि मी पुन्हा तपासेपर्यंत मृदंग बंद."

"मृदंग बंद? डॉक्टर, कार्तिकात देवळात सप्ताह आहे!"

"हृदय बाराही महिने आहे," डॉक्टर म्हणाले. "दुसरं काही औषध घेता का?"

"छे छे!" मी म्हणालो. त्या दिवशी ते खरं होतं.

आमच्या वाडीची सप्ताहातली भजनाची पाळी म्हणजे मानाची पाळी. तिथे मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून मृदंगावर बसत आलो होतो. मी नसलो तर बसणार कोण? शांताराम. म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. घर अगदी समोर. मी मालवणहून परत आलो त्या संध्याकाळी त्याने सराव सुरू केला. त्याचा प्रत्येक 'धा' माझ्या छातीवर पडत होता. मी बायकोला म्हटलं, "सुमती, तुझ्या भावाला जरा हळू वाजवायला सांग."

"तो हळूच वाजयता," सुमती म्हणाली. "तुमका मोठ्यान ऐकाक येता."

आता आमच्याकडची पद्धत अशी, की आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. आणि आणलेली वस्तू आजाऱ्याने आणणाऱ्याच्या देखत पोटात घालायची असते. 'ठेवा, मग घेतो' म्हटलं की माणूस दुखावतो. सर्वांत आधी मिठबावहून माझी थोरली बहीण आक्का आली. एका हातात आगळाची बाटली, म्हणजे सोलकढीसाठी काढून ठेवलेला कोकमाचा खारवलेला रस, आणि दुसऱ्या हातात मोरीचं तेल. मोरी म्हणजे आमच्याकडचा शार्क. बाटली उघडताच मुली घराबाहेर पळाल्या.

"दत्तू, आं कर!"

"आक्का, डॉक्टरांचं औषध चालू आहे."

"मगे? ता पण घे, ह्या पण घे. मोरी जन्मभर पाण्यात धावता. तिचा काळीज धडधडला असा कधी ऐकलंस?"

ऐकलं नव्हतं. मी आं केलं. आक्काही मग माझी प्रकृती सुधारेपर्यंत राहायचं ठरवून राहिली.

तिच्या पाठोपाठ शेजारचे तात्या अर्जुनाच्या सालीचा काढा घेऊन आले. "मास्तर, डॉक्टराचा सोडूक सांगणय नाय मी. पण खरा काम ही साल करतली. डॉक्टराक नुसता नाव मिळतला." मग मुंबईच्या धाकट्या भावाने येणाऱ्या माणसाबरोबर टॉनिकची बाटली धाडली. तिच्यावर छाती फुगवलेला पैलवान होता आणि सोबत चिठ्ठी, 'आमच्या ऑफिसातले सगळे साहेब हेच घेतात.' सुमतीने कुणाच्या मागे राहायला नको म्हणून आवळ्याचा मोरावळा घातला. डॉक्टरांचं औषध मी सोडलेलं नव्हतं, म्हणजे डॉक्टर खूश. बाकीच्यांचंही घेत होतो, म्हणजे बाकीचे खूश. हृदयाला तेवढं मी काही विचारलं नव्हतं!

पण मी पडलो मास्तर. एवढा पसारा वेळापत्रकाशिवाय चालवणं मला कमीपणाचं वाटलं. मी भिंतीवर तक्ता लावला. सकाळी सात वाजता नंबर एक, साडेसातला नंबर दोन, असा दिवसभराचा. डॉक्टरांचं मिक्श्चर नंबर एक, मोरीचं तेल दोन, काढा तीन, टॉनिक चार. बाटल्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कंपाउंडरने मिक्श्चरच्या बाटलीवर मात्रांची कातरलेली कागदी पट्टी लावली होती. तिच्यामुळे माझ्या आकड्याला जागा पुरेना, म्हणून ती मीच खरवडून काढली. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ते विसरायचा प्रयत्न करतो आहे.)

चिठ्ठ्या चिकटवल्या त्या भाताच्या शितांनी. घरात आणखी काय असणार! आणि आमच्या घरच्या झुरळांना शितं फार प्रिय. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चारही चिठ्ठ्या खाली पडलेल्या आणि फळीवर बाटल्या नागड्या. तेल वासाने ओळखलं, तेही लांबून. टॉनिक पैलवानावरून ओळखलं. काढा काळा. उरल्या दोन बाटल्या, दोन्ही लालभडक. एकीत डॉक्टरांचं मिक्श्चर, दुसरीत आक्काने आणलेलं आगळ. तेही औषधांच्याच फळीवर येऊन बसलं होतं.

सुमती म्हणाली, "आवो, वास बघा आदी."

"औषध हा शास्त्राचा विषय आहे," मी म्हणालो. "रंग बघायचा असतो. हे जास्त लाल, म्हणजे हे डॉक्टरांचं."

"मी म्हणतंय, वास बघा."

"सुमती!"

मी एक नंबरची चिठ्ठी ठासून बसवली आणि दुसरी बाटली स्वयंपाकघरात पाठवून दिली.

त्या दिवसापासून मला डॉक्टरांचं औषध एकाएकी आवडू लागलं. आंबट, खारट, जिभेला चव आणणारं. दोनच चमचे सांगितले होते, मी चार घेऊ लागलो. "बघितलंस?" मी सुमतीला म्हणालो, "अंगी लागायला लागलं की औषधसुद्धा गोड लागतं."

"माझा आगळ मात्र कडू झालाहा," ती म्हणाली. "कढयेक रंगच येना नाय. दुप्पट घालतंय."

आणि घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. दुपारी जेवण झालं की सगळी माणसं पानावरून उठायच्या आतच पेंगायला लागत. आक्का तर भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपे. "मिठबावात माका अशी झोप नाय लागणा," ती म्हणे. "हंयची हवाच बरी." सोलकढीची वाटी चाटणारी मांजरीण दोन दिवस उंबऱ्यावर आडवी होती आणि उंदीर तिच्यावरून ये-जा करत होते. माझी धडधड मात्र कधी थांबे, कधी दुप्पट वेगाने सुटे. टॉनिक घेतलं की पळे, सोलकढी प्यायली की बसे.

सप्ताहाला बारा दिवस उरले असताना डॉक्टर एका रुग्णाला बघायला आचऱ्याला येणार असं कळलं. मी त्यांना दुपारी जेवायलाच बोलावलं. निकाल त्या दिवशी लागणार होता, मृदंगाचा आणि माझ्या हृदयाचाही. निकाल ऐकायला तात्या काढ्याची बाटली घेऊन हजर, शांताराम दाराला टेकून हजर, आक्का तर होतीच. औषध आणणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, यश आपल्यामुळेच येणार.

डॉक्टर उन्हातून, होडीतून दमून आले होते. सुमतीने सुरमई तळली होती. डॉक्टर मनापासून जेवले आणि सोलकढीच्या दोन वाट्या प्यायले. "जरा वेगळी चव आहे," ते म्हणाले. "पण गोडी आहे."

मग त्यांनी मला समोर बसवलं, नळी कानात घातली, दुसरं टोक माझ्या छातीवर ठेवलं आणि डोळे मिटले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. डॉक्टर हलेनात. पाच मिनिटं झाली. एवढं काय ऐकतायत हे? माझं हृदय आता नळी फाडून बाहेर येईल असं मला वाटू लागलं. सुमतीचा चेहरा पांढरा पडला. आक्काने पदर तोंडाला लावला. "दत्तू माझो! काय्येक सांगणत नाय, म्हणजे सांगण्यासारखा नाय!" तिच्या हुंदक्याबरोबर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी शांतारामला मनातल्या मनात मृदंग देऊन टाकला. मुलींना सांभाळ, असंही त्याला सांगणार होतो.

इतक्यात डॉक्टर घोरले.

नळी कानात, हात माझ्या छातीवर, आणि डॉक्टर स्वस्थ झोपलेले!

तात्यांनी त्यांना हलवून जागं केलं. डॉक्टर खजील झाले. "माफ करा. मी दुपारी असा कधी झोपत नाही."

"तुमचो काय दोष नाय," आक्का डोळे पुसत म्हणाली. "हंय जेवल्यार सगळीच झोपतत. मांजर सुद्धा!"

"सगळीच?" डॉक्टर सरळ झाले. "जेवणात काय होतं? ती कढी... तिचं आगळ आणा बघू."

सुमतीने स्वयंपाकघरातली बाटली आणली. डॉक्टरांनी बोटावर थेंब घेतला, चाखला आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, हे माझं मिक्श्चर आहे. मन आणि छाती दोन्ही शांत करणारं. मग तुम्ही काय घेताय?"

मी अभिमानाने एक नंबर पुढे केला. "हे तुमचं. फार चवदार!"

डॉक्टरांनी वास घेतला. "हे कोकमाचं आगळ आहे."

सुमती कुणाकडेही न बघता म्हणाली, "वास बघा म्हणून सांगितलंय मी. दोनदा."

"आणि या बाकीच्या बाटल्या?" डॉक्टरांनी फळीकडे बोट केलं. "मी विचारलं होतं, दुसरं काही घेता का?"

"तेव्हा घेत नव्हतो."

"मग घ्यायला लागल्यावर सांगायला नको?" त्यांनी पैलवानाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "हे अंगात तरतरी आणणारं आहे. मी घोड्याला लगाम घालतोय आणि तुम्ही मागून चाबूक मारताय. तात्या, साल वाईट असं मी म्हणत नाही. पण माझ्या औषधाबरोबर ती नांदते की भांडते, हे मला कळायला हवं ना?"

"आणि माझ्या मोरयेन काय केल्यान?" आक्का फणकारली.

"मोरी निर्दोष आहे, आक्का. पण सध्या तिला समुद्रातच राहू दे."

दहा दिवस नुसतं डॉक्टरांचं औषध घेतलं. सुमतीने बाटलीला लाल दोरा बांधला आणि वेळापत्रक चुलीत घातलं. धडधड खरोखरच उतरली. मी मालवणला गेलो. डॉक्टरांनी नळी लावली (या वेळी डोळे उघडे ठेवून) आणि म्हणाले, "छान. पण मृदंग पुढच्या वर्षी. यंदा टाळ घ्या हातात."

वाईट वाटलं. अगदी खोटं कशाला बोलू, होडीत मी रडलो.

सप्ताहात आमची पाळी दुपारची होती. शांताराम मृदंगावर बसला आणि पहिल्याच अभंगाला त्याचे हात धावत सुटले. त्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी टाळ उंच धरला आणि ठाम, सावकाश वाजवू लागलो. तो माझ्या टाळावर आला. मग बुवा रंगले, सगळं देऊळ रंगलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भजन नीट ऐकलं. छातीवर हात ठेवून पाहिला. आतला मृदंगसुद्धा लयीत होता. मी फार सुखात होतो.

पाळी संपल्यावर शांताराम घामाने निथळत माझ्याजवळ आला. "भावजीनू, माझ्या छातीत नुसता धडधडता."

'आधी डॉक्टरांकडे जा' असं मी म्हणायला हवं होतं. एवढं सगळं भोगलेला माणूस दुसरं काय म्हणेल? पण माझ्यातला मास्तर पुढे सरसावला. "घाबरू नको रे! मुंबईचं टॉनिक अर्धं शिल्लक आहे, काढाही आहे. घरी चल, तुला वेळापत्रक करून देतो!"

सुमती प्रसाद वाटत होती. तिने भावाच्या हातावर प्रसाद ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "जा. पण ह्येंनी काय दिल्यानी, तर वास बघ आदी."