खुर्चीशेजारच्या ताई

माझ्या सरांनी निवृत्त होताना त्यांचा दातांचा दवाखाना माझ्याकडे सोपवला, आणि दवाखान्याबरोबर ताईही आल्या. मी तेव्हा पंचविशीतली, नवी पदवी मिरवणारी डॉक्टर. ताई पन्नाशीच्या, शाळा सातवीत सुटलेली, सरांच्या हाताखाली चोवीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेल्या. पहिल्या आठवड्यात मला त्यांचा रागच यायचा. पेशंट आत आला की मी दिवा लावून, हातमोजे चढवून तयार असायची, आणि ताई त्याच्याशी चपलांबद्दल बोलत बसायच्या.

"ताई, बाहेर आठ जण थांबलेत," मी म्हणायची.

"थांबू द्या. ह्यांचे पाय अजून दाराकडे आहेत," त्या म्हणायच्या.

त्यांच्या ह्या बोलण्याचा अर्थ मला कळला तो क्रेन चालवणाऱ्या एका माणसामुळे.

हा माणूस रोज वीस मजले उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया उचलायचा. धिप्पाड, जाड मानेचा, आवाज असा की भिंती हलाव्यात. पण दातांच्या खुर्चीला तो इतका टरकायचा की आमच्या बाकावरून तीनदा उठून पळाला होता. एकदा तर आपली टोपीही विसरून गेला. दाढ ठणकत होती, जेवण बंद झालं होतं, तरी खुर्चीपर्यंत यायची हिंमत होत नव्हती. शेवटी त्याच्या बायकोने फोनवर मला विनवलं, "डॉक्टर, काहीतरी गुंगीचं द्या आणि उरका एकदाचं."

मीही तेच ठरवलं. भीती कमी करणारी गोळी द्यायची, अर्धा तास थांबायचं, काम करायचं. नेहमीचा छापील कागद त्याने भरून दिला होता. 'सध्या कोणती औषधं घेता?' ह्यापुढे त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'काही नाही'.

चौथ्या वेळी तो आला आणि सरळ आत येऊन खुर्चीत बसला. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. मी गोळी काढली, ताई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. पेला मात्र पुढे करेनात.

"दादा, आज घरून काय खाऊन आलात?"

"काही नाही."

"पोटात काहीच गेलं नाही? पाण्याबरोबरसुद्धा?"

तो ओशाळून हसला. जीभ जरा जड वाटत होती. "आईच्या झोपेच्या गोळ्या असतात ना... त्यातल्या दोन. तासाभरापूर्वी."

"अहो, मग कागदावर लिहिलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"त्या माझ्या नाहीत ना डॉक्टर. आईच्या आहेत."

ताईंनी शांतपणे बाहेरून त्याच्या बायकोला बोलावलं. "वहिनी, हे रात्री घोरतात का?"

"घोरतात? अहो, मधेच श्वासच बंद पडतो. मी कोपराने ढोसते तेव्हा पुन्हा सुरू होतो."

माझी गोळी त्या दोन गोळ्यांवर पडली असती तर काय झालं असतं, हे मला डॉक्टर म्हणून नेमकं माहीत होतं. गाढ गुंगी, मंदावत जाणारा श्वास, आणि गळा आधीच अडणारा. मी गोळी परत ठेवली. त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, पाठ उंच केली आणि ताई दोन तास त्याच्याशी बोलत बसल्या, त्याला डोळे मिटू न देता. तो पुरता भानावर आल्यावर बायकोबरोबर, आम्ही बोलावलेल्या गाडीतून घरी गेला. घोरण्यासाठी मोठ्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी मी लिहून दिली.

तो गेल्यावर मी खालीच बसले. "ताई, तुम्हाला कळलं कसं?"

त्या ट्रे पुसत होत्या. "तीनदा पळालेला माणूस आज घाबरला नाही. भीती एका दिवसात कुठे जाते, डॉक्टर? कोणीतरी झोपवलेली असते."

मी पाच वर्षं शिकले होते. 'गुंगीचं औषध देण्याआधी काय तपासाल?' ह्या प्रश्नाला परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आणि तरी माझं लक्ष त्याच्या दाढेत होतं. ह्या बाईचं अख्ख्या माणसात.

चार दिवसांनी तो परत आला, गोळी न घेता, घामाने निथळत. ताईंनी विचारलं, "वर केबिनमध्ये भीती का नाही वाटत?"

"तिथे दांडा माझ्या हातात असतो. मी सोडला की सगळं थांबतं."

"मग इथेही तसंच करू. तुमचा डावा हात वर झाला की डॉक्टर थांबणार." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी नुसता आरसा घ्या. थांबून दाखवा त्यांना."

मी आरसा तोंडात घातला. हात वर. मी थांबले. पुन्हा. पुन्हा थांबले. चौथ्यांदा हात वर करताना तो चक्क हसत होता. मग जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं. ताईंचा तळवा त्याच्या खांद्यावर, आवाज हळू, प्रत्येक गोष्ट व्हायच्या आधी सांगणारा. "आता टोचेल. पाचपर्यंत मोजते. आता फक्त दाब." दाढेतली नस काढून होईपर्यंत त्याने सात वेळा हात वर केला. मी सातही वेळा थांबले.

"झालं," मी म्हटलं.

"झालं?" त्याने गालाला हात लावला, आणि तो भला थोरला माणूस हुंदके देऊन रडायला लागला. लहानपणी दोघांनी धरून ठेवून त्याचा दात उपटला होता, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. बायकोलाही माहीत नव्हतं.

आमचा छापील कागद मी त्याच संध्याकाळी बदलला. आता त्यावर विचारलेलं असतं, 'घरातल्या दुसऱ्या कोणाची गोळी घेतली आहे का?' दर महिन्याला दोघंतिघं तरी 'हो' लिहितात. तरीही मी प्रिस्क्रिप्शनवर सही करण्याआधी एकदा ताईंकडे पाहते. त्या पेशंटकडे पाहत असतात, आणि त्यांना काय दिसतंय ह्याचा अंदाज मला अजूनही येत नाही.