कंसातली जागा

काल तलासरीजवळच्या एका पाड्यावर लग्न होतं. बायका कुडाच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहीत होत्या. तांदळाच्या ओल्या पिठाचा वास नाकात शिरला, आई गायला लागली आणि मला डहाणूचा कॉम्प्युटर क्लास आठवला. आई धवलेरी आहे. आमच्याकडे गाणी गाऊन लग्न लावते ती धवलेरी.

मी तिथे शिकत असताना एकदा सरांनी फळ्यावर प्रोग्रॅममधलं स्वागताचं एक वाक्य लिहिलं होतं आणि त्यात मध्येच डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस. मी विचारलं, "सर, हा कंस इथे कशाला?"

"पाड्यावरनं आलीस ना? समजायच्या भानगडीत पडू नकोस, पाठ कर."

वर्ग हसला. माझे कान तापले. पाठ तर मी मुळीच करणार नव्हते. त्या ओळीकडे बघत बसले आणि आईचं गाणं आठवलं. गाणं प्रत्येक लग्नात तेच असतं. ठरलेल्या जागी आई फक्त त्या घरच्या नवरा-नवरीची नावं घालते. कंस म्हणजे ती जागा! मी वर्गातल्या सगळ्यांची नावं यादीत टाकली आणि त्या एका ओळीनं पडद्यावर प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत केलं. सरांचंसुद्धा.

"कुठून कॉपी केलंस?" सरांनी विचारलं.

"असंच जमलं, सर."

तेव्हा वाटलं, मी जिंकले. काल आईला ऐकताना तेच उत्तर टोचत राहिलं; तिच्या गाण्याचं नाव मी घेतलंच नव्हतं. आता त्याच क्लासात मी शिकवते. उद्या हाच धडा आहे आणि फळ्याजवळ उभी राहून आधी आई गाणार आहे. ज्याला हसायचंय, त्यानं तिच्यासमोर हसून दाखवावं.