हळदीची शेवंती

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, जनावरातलं कळतं. सौसरच्या बाजारात कवडूजींचं नाव काढा, दलालसुद्धा बैलाचं खोटं वय सांगताना चाचरतात. बोरगावात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळ्यांत पुढे उभी राहायची ती आमची जोडी. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, या घरात सुनेपेक्षा बैलांचेच लाड जास्त. खरंच होतं ते. मी त्यावरून भांडलेसुद्धा.

मग मामाजींचे गुडघे गेले. माझ्या नवऱ्याने, हेमराजने, ट्रॅक्टर आणला आणि जोडी विकली. त्या दिवसापासून हा माणूस ओसरीवरून उठेना. दोन पोळे आले नि गेले. ढोल वाजायला लागला की मामाजी आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायचे. "ज्याच्याजवळ जनावर नाही, तो मानूस पोळ्यात काय करन?" म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

मागच्या दिवाळीनंतर माझी नणंद चंचल नागपूरहून आली. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. बाळंतपण होईपर्यंत सांभाळा म्हणून तिने पिशवीतून कुत्र्याचं एक पिल्लू काढून ओसरीवर ठेवलं. लांब केसांचं चिहुआहुआ, मादी, रंग दुधावरच्या सायीसारखा. डोकं संत्र्यासारखं गोल, डोळे टपोरे, कान तोंडापेक्षा मोठे. वजन दोन किलोसुद्धा नसेल. नाव लांब केसांचं, पण केस म्हणाल तर कुठे आहेत, कुठे नाहीत.

"बाबा, हिले फक्त वेळेवर खाऊ घाला," चंचल म्हणाली. "बाकी तुमच्याच्यानं नाही होनार."

जनावराच्या बाबतीत मामाजींना असं कोणी बोललं नव्हतं. त्यांची मिशी तेवढी हलली.

गल्लीने हसून घेतलं. कोणी उंदीर म्हणालं, कोणी वटवाघूळ. पिल्लू बिचारं थंडीने लटलट कापायचं आणि ताटलीकडे बघायचंही नाही. एका सकाळी मामाजींनी त्याला मांडीवर घेतलं आणि बैल पारखतात तसं पारखायला लागले. ओठ वर करून दात पाहिले. दुधाचे दात पडले नव्हते आणि मागून पक्के आले होते. मग डोक्यावर बोट फिरवलं आणि एकदम थांबले.

"सूनबाई, इकडं ये. हात लावून पाय. लेकरावानी टाळू हाय वो हिची."

मी हात लावला. खरंच, मऊ होती. सौसरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की या जातीत पुष्कळांची टाळू अशीच राहते, घाबरायचं नाही, फक्त डोक्याला मार लागू द्यायचा नाही. जास्तीचे दात त्यांनी काढून दिले. घरी आल्यावर मामाजींनी टाळूवर तेलाचं बोट ठेवलं आणि पिल्लाचं नाव शेवंती ठेवलं. चंचलने ठेवलेलं इंग्रजी नाव त्यानंतर कोणी घेतलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते मी बैलांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. शेवंतीचं पोट मुठीएवढं. उपाशी राहिली की तिला गळाठा यायचा, म्हणून दिवसातून चारदा थोडं थोडं खाणं. उकडलेलं अंडं, भात, कोंबडीचा तुकडा आणि वरून चिमूटभर जवसाची पूड. जवसाने बैलाच्या अंगावर चकाकी येते, मग हिच्या का नाही येणार, हा मामाजींचा हिशेब. डॉक्टर म्हणाले, चिमूटभरच. मामाजी दर वेळी चिमूट आधी मला दाखवून मगच टाकायचे. खाटेवरून उडी मारायला तिला बंदी होती, कारण या कुत्र्यांच्या गुडघ्याची वाटी सरकते. "गुडघे गेल्यावर काय होते, ते मले इचार," असं ते तिलाच सांगायचे. गळ्यात पट्टा नाही, नाजूक गळा दबतो म्हणून. छातीवरून जाणारा पट्टा त्यांनी जुन्या झुलीच्या कापडातून स्वतः शिवला आणि बैलांच्या घागरमाळेतलं एक घुंगरू त्याला टाकलं.

आणि रोजचा कंगवा! कानामागे आणि काखेत केसांच्या गाठी होतात, त्या आधी बोटांनी सोडवायच्या, मग कंगवा. ओढायचं नाही. उन्हाळ्यात पारा चढला तेव्हा हेमराज केस कापायची मशीन घेऊन आला. मामाजी काठी घेऊन उभे राहिले. "हे केसं तिची सावली व्हय. मशीन लावशीन तं आधी तुह्या मिशीवर चालवीन!" हेमराज मशीन घेऊन परत गेला. दुपारभर शेवंती माठाजवळ ओल्या पोत्यावर आणि मामाजी तिच्या शेजारी.

मृग सरता सरता शेवंती अशी काही फुलली की गल्ली हसायची थांबली. कानांना झालर, मानेभोवती केसांचा दाट गळपट्टा, मागच्या पायांना पायघोळ केस, आणि पाठीवर वळलेली शेपटी मोरपिसांच्या पंख्यासारखी. मामाजी तिला घेऊन सकाळी चौकापर्यंत जायला लागले. आमचे मामाजी, जे ओसरीवरून उठत नव्हते! लोक थांबवून विचारायचे आणि ते पारावर बसून सगळं समजावून सांगायचे. मला किती अभिमान वाटायचा, काय सांगू.

चंचलला मुलगी झाली. फोनवर शेवंतीला पाहून तिने किंकाळीच मारली. "बाबा, काय केस आले! मी पोळ्याला येऊन राहिली, तिले घेऊन जातो. नागपूरले कुत्र्यांचं प्रदर्शन हाय, तिथं नाव टाकलं."

फोन ठेवला आणि मामाजी म्हणाले, "तिचंच हाय, तिनं न्याव." त्या रात्री जेवले नाहीत. शेवंती गेली की आतली खोली आणि ओढलेलं दार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद चोळतात आणि बैलाच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर मामाजी वाटी घेऊन ओसरीवर बसलेले. जन्मभराची सवय हातांना. शेवंतीच्या खांद्यापासून शेपटीपर्यंत त्यांनी हळद चोळली होती आणि तिच्या झालरीच्या कानात वाकून आवतण देत होते.

सायीच्या रंगावर हळद! सकाळी आम्ही तिला शाम्पूने धुतलं, तूप निघालं, पिवळा रंग निघाला नाही. दुपारी चंचल उतरली आणि बघतच राहिली.

"बाबा! हे काय केलं? असं पिवळं कुत्रं प्रदर्शनात कोन उभं करू देईन?"

मामाजींनी शेवंतीला खाली ठेवलं, उठले आणि आतल्या खोलीकडे चालायला लागले. बाहेर ढोल सुरू झाला होता.

माझं डोकं फिरलं. "चंचलताई, तुमचं प्रदर्शन पुढच्या साली येईन," मी म्हटलं. "तुमी आनली तवा हिच्या अंगावर केसं होते का? हे कोनी केलं? कोनाच्याच्यानं नाही होनार म्हनत होते तुमी?" मग शेवंतीला उचलून मी मामाजींच्या दारात आडवी उभी राहिले. "तुमी हिले आवतन देलं ना, मामाजी? आवतन देलेलं जनावर पोळ्याच्या दिवशी घरात ठेवते का कोनी?"

मामाजी थांबले. माझ्याकडे पाहिलं, शेवंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माहा फेटा कुठं हाय?"

तोरणाखाली रांग लागली होती. मामाजी रांगेत शिरले नाहीत. तो बैलांचा मान, असं म्हणून शेवंतीला हातावर घेऊन कडेला उभे राहिले. माईकवर रवींद्र होता. पोळ्यात भर तोरणाखाली कवनं म्हणतात, त्यांना झडत्या म्हणतात, आणि बोरगावात झडती म्हणावी ती रवींद्रनेच. त्याने मामाजींना पाहिलं आणि जागेवर झडती जुळवली:

"काळी माती, पिवळी हळद, बोरगावचा पोळा,
कवडूकाकाची शेवंती पाहाले गाव झाला गोळा!"

सगळ्या गावाने हर हर महादेवचा गजर केला. बैलवाल्यांनी हात वर केले. शेवंती दोन किलोच्या जिवाने सगळ्यांवर भुंकली. मामाजींचे डोळे वाहत होते, पण मान ताठ होती. मी मागे वळले तर चंचलही पदराने डोळे पुसत होती.

ती परत गेली तेव्हा म्हणाली, "राहू द्या इथंच. रंग निंगला का नेतो."

रंग दसऱ्याच्या आधीच निघून गेला. पण चंचलचा व्हिडिओ कॉल यायची वेळ झाली की मामाजी ओसरीवरून हाक मारतात, "सूनबाई, हळदीचा डबा आन वो!"

आणि मी नेऊन देते.