शिडीखालची फळी

मावशी फार गरीब स्वभावाची आहे, असं सगळे म्हणतात. मी तिची भाची, तिच्याबरोबर बागकामावर तण उपटते. मला विचाराल तर ती पक्की खुनशी आहे, आणि मला ती तशीच आवडते.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, जन्मभर शिडीवर चढून उंच कुंपणं कातरत आले. ओल्या मातीत शिडीचा पाय रुततो, म्हणून खाली फळी टाकायची, एवढी साधी गोष्ट. पण एका हॉटेलच्या बागेत कंत्राटदार खेकसला, "फळी काढ! नव्या हिरवळीवर वळ उठतात. मालकीणबाई बघायला येणारेत."

काकांनी फळी काढली. शिडी कलंडली आणि त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. कंत्राटदारानं मात्र मालकीणबाईंपासून सगळ्यांना सांगितलं, की पिऊन चढला होता. काकांनी उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही. हाडापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. जेवणावरची वासनाच उडाली.

मावशी त्याच कंत्राटदाराकडे कामाला जात राहिली. बायका म्हणाल्या, हिला काही वाटतं की नाही? मीही दातओठ खात होते. "दम धर," एवढंच ती म्हणायची.

बाग ताब्यात द्यायच्या दिवशी कंत्राटदाराला फोटोची हौस आली. मालकीणबाईंसमोर कात्री घेऊन स्वारी शिडीवर चढली. शिडी मावशीनं लावली होती. सकाळी तिथल्या जमिनीला मनसोक्त पाणीही तिनंच पाजलं होतं.

तो वर पोचला आणि शिडी डुलली. त्याची पाचावर धारण बसली. "अगं ए, खाली फळी कुठंय? फळी टाक!"

मावशी हाताची घडी घालून उभी. "फळीनं वळ उठतात ना, साहेब? तुम्हीच ह्यांना काढायला लावलीत."

"कुणाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याला, बाई. पिऊन पडले म्हणून तुम्हाला सांगितलंय ना, तेच. बोला साहेब, प्याले होते का? बोला, मग धरते."

शिडी आणखी रुतली.

"नव्हता प्यायला! मीच काढायला लावली फळी! धर गं, धर!"

मावशीनं शिडी धरली. तो लटपटत उतरला, तेव्हा मालकीणबाई त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती बघून माझा जीव थंड झाला.

घरी आल्यावर मी काकांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी ऐकलं. डोळे पुसले. मग मावशीकडे मान वळवून म्हणाले, "धरलीस कशाला?"