टेबलं काढली तेव्हा

आमची औषध कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली आणि दिघ्याच्या कारखान्यात टाय लावलेले नवे साहेब आले. नव्वदीच्या त्या वर्षांत 'चेंज' या शब्दाला भलताच भाव होता. साहेब तर तो दर वाक्यात पेरायचे. मी पॅकिंगची सुपरवायझर. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून टीम लीडर करून टाकलं. पगार तोच, डोकेदुखी दुप्पट.

माझ्या हाताखालच्या बायका मोठ्या टेबलांभोवती समोरासमोर बसून बाटल्यांना लेबलं लावायच्या आणि खोक्यांत भरायच्या. सगळ्यांत थोरली साताऱ्याकडची एक मावशी. नवरा नव्हता, मुलगी कॉलेजात, घर हिच्याच हातावर चालायचं आणि नेमकी त्याच हातांची बोटं संधिवातानं आखडत चालली होती. तिच्यासमोर बाटल्या साचल्या की शेजारणी गप्पा न थांबवता त्यातल्या काही आपल्याकडे ओढून घ्यायच्या. कंपनी अख्ख्या टेबलाचं काम मोजायची आणि ते रोज पुरं व्हायचं. मग माझं काय बिघडत होतं?

साहेबांना टेबलं काढून सरकता पट्टा बसवायचा होता. एका ओळीत बसायचं, बाटली समोर आली की आपलं काम उरकायचं. बायका बिथरल्या. मी साहेबांना सरळ विचारलं, "कुणाला काढणार नाही ना?"

"एकीलाही नाही. माझा शब्द."

तो शब्द घेऊन मी जेवणाच्या सुट्टीत एकेकीची समजूत काढत फिरले. मावशी सगळ्यांत शेवटी तयार झाली. "मॅडम, तुमी म्हनताय म्हनून बसते. माज्या हाताचं तुमाला ठावं हाय."

पट्टा सुरू झाला. आता शेजारणीला दुसरीकडे हात घालायला सवडच नव्हती, तिची स्वतःची बाटली पुढे निघून जायची. मावशीच्या हातून सुटलेल्या बाटल्या लेबलाविना पट्ट्याच्या टोकाला जमायच्या आणि तिथेच साहेब हात मागे बांधून उभे असायचे. हिला खोक्यांवर शिक्के मारायला बसवा, म्हणून मी त्यांच्या मागे लागले. "बघू," म्हणाले. त्यांनी काय बघितलं ते लवकरच कळलं.

"त्या बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणावं."

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"चेंजमुळे कुठे काढतोय? काम जमत नाही म्हणून काढतोय. आणि तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात त्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हीच सांगा की, मी म्हणाले. त्यांनी फाईल उघडली. "मग उद्या गेटवर वॉचमन सांगेल."

म्हणून मीच सांगितलं. मावशी रडली नाही. डोक्यावरची कामाची टोपी काढून तिनं पदर नीट केला.

"पट्ट्यावर बसायलाबी तुमीच सांगितलं, उठायलाबी तुमीच. त्यो सायेब काय मुका हाय?"

साहेब मुका नव्हता. दुसऱ्या दिवशी पट्टा थांबवून त्यानं सगळ्या बायकांसमोर चेंज सुरळीत पार पाडल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. टाळ्या त्यानं एकट्यानंच वाजवल्या.