मुळं तेवढी राहू द्या

कोडोलीत आमच्या दारात मिरची कांडायचा डंक होता. उन्हाळा लागला की गावातल्या बायका मिरच्या, खोबरं, तीळ, धणे, लसूण घेऊन यायच्या आणि वर्षाची चटणी कांडून न्यायच्या. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची ओली चटणी नव्हे. आमटीत, भाजीत, रश्श्यात, सगळ्यात पडणारी ती लाल, कोरडी चटणी. ती बिघडली तर घरातली माणसं वर्षभर त्या बाईला बोलणार. म्हणून शेवटचा घाणा व्हायच्या आधी बायका एक चिमूट माझ्यापुढं धरायच्या.

मी ती जिभेवर ठेवत नसे. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला लावायची आणि डोळे मिटून थांबायची. जिभेला मीठ, तेल, लसूण सगळंच कळतं, त्या गर्दीत तिखट नीट सापडत नाही. ओठाला फक्त जाळ कळतो. तो किती चढतो आणि किती टिकतो, त्यावरून मी सांगायची, "ब्याडगी घाल अजून मूठभर," नाहीतर, "आता हात लावू नगंस." हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझं मीच शोधून काढलं होतं, आणि त्याचा ताठा असा, की चाळिशीतली ती बाई, म्हणजे तेव्हाची मीच, आज भेटली तर मी तिची वेणी ओढीन.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. माझी खालची डावी अक्कलदाढ हिरडीत आडवी निजली होती आणि अधूनमधून कूस बदलायची. गावातल्या प्रत्येकीच्या दाढेवर माझ्याकडं उपाय होता: लवंग, मिसरी, गरम मिठाची पुरचुंडी. तेच स्वतःवर करत राहिले. गाल सुजला की "उष्णता झालीया" म्हणायची. शेवटी भाकरीचा घास जाईल एवढंही तोंड उघडेना, तेव्हा कुठं बाईसाहेब एसटीत बसल्या.

कोल्हापुरातले पहिले डॉक्टर वयस्कर, सरळ माणूस. जबड्याचा फोटो दिव्यावर धरून म्हणाले, "दाढ काढावी लागणार. पण मुळं नसेला चिकटून आहेत. काढताना नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची भरून येते. काहींची येत नाही."

"कुठल्या बाजूचा ओठ?"

"डावीकडचा."

मी खुर्चीवरून उतरले, चपला घातल्या आणि चालू लागले. डॉक्टर मागून "अहो बाई, अहो बाई" करत राहिले. गळ्यात त्यांनी साखळीनं अडकवलेला निळा कागद तसाच होता. तो छातीवर मिरवत स्टँडवर गेले, गाडीत बसले. कंडक्टर तिकीट देताना म्हणाला, "मावशी, जेवण अर्ध्यावर टाकून आलाय जणू." तेव्हा कळलं. पण लगेच काढला तर त्याच्यासमोर खजील व्हावं लागेल, म्हणून कोडोलीत उतरेपर्यंत तसाच ठेवला.

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वठ बधिर झाला तर काय बिघडलं? बोलणं जरा कमी हुईल. घराला बरंच हाय."

मालक म्हणाले, "चटणी जिभेनं चाखावी की."

"तुम्ही हातमोजं घालून म्हशीची धार काढा, मग मला सांगा," मी म्हटलं.

मी ठरवलं. दाढ जाईल, ओठ जाणार नाही. दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. खुर्चीत बसल्या बसल्याच विचारलं, "ओठाची खात्री देता काय?" ते म्हणाले, देवही देणार नाही. तिथून उठले. या खेपेला गळ्याला हात लावून बघितलं.

तिसरी डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाची. या वेळी सासूबाई सोबत होत्या, माझ्या काळजीनं की गंमत बघायला, ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टरनं कागदावर दाढ काढली, खाली नस काढली आणि मधून आडवी रेघ मारली. "एवढं वरचं कापून काढायचं. मुळं हाडात आहेत तिथंच राहू द्यायची. नसेला हातच लागणार नाही."

सासूबाई पुढं सरकल्या. "म्हंजे खोडवा. बाई गं, वरचा ऊस तोडून बुडखा ठेवला की पुन्हा फुटतोय. हिच्या तोंडात दर साली दाढ उगवायची."

आणि ती चाळिशीतली शहाणी काय म्हणाली? "व्हय की, डॉक्टर. फुटली तर?"

डॉक्टर हसली. तिच्या माहेरीही ऊसच होता. "आजी, उसाच्या कांडीला डोळा असतोय, म्हणून फुटतोय. दाढेच्या मुळाला डोळा नसतोय. त्याच्यावर हाड धरतं आणि ते गप्प बसतं. कधीमधी जरा वर सरकतं."

"सरकतंय ना? म्या काय म्हटलं?"

"सरकलं तर नसेपासून लांब येतं. मग त्रास झालाच तर निर्धास्त काढता येतं." मग ती माझ्याकडं वळली आणि हसणं थांबवून म्हणाली, "एक मात्र आहे. कापताना मुळं हलली, तर ठेवता येत नाहीत. ती काढावीच लागतील."

"मग ओठ?"

"प्रयत्न करीन."

देवाच्या नावावर न ढकलता स्वतःच्या नावावर घेतलेलं ते उत्तर मला पटलं. मी म्हटलं, "धरा तारीख."

त्या दिवशी सुया टोचल्यावर अर्धं तोंड परक्याचं झालं. दुखत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. मशीन हाडात घुसलं तसा जळका वास आला आणि माझ्या मनात आलं, मिरची भाजताना लक्ष नाही कुणाचं. मग वरचा तुकडा कट्‌कन सुटला. डॉक्टर थांबली. कसल्याशा बारीक हत्यारानं आत हळू दाबून बघू लागली. मी खुर्चीचे दांडे धरून बसले. मान हलवायची नाही, बोलायचं नाही. माझ्यासारखीला एवढी शिक्षा पुरे होती.

"हलत नाहीत," ती म्हणाली आणि टाके घालायला घेतले.

पण खरं कळायचं ते ओठ जागा झाल्यावर. दुपारी घरी पोचले तर पाणी प्यायला गेले की हनुवटीवरून गळ्यात. दिवेलागण झाली तरी ओठ लाकडाचा. मी दारात बसून त्याला नखानं टोचत होते. सासूबाई वाटी घेऊन समोर बसल्या. त्यांनी स्वतः कांडलेली चटणी.

"तोंडात घालायची न्हाय म्हणाल्यात डॉक्टरीणबाई. भायेरनं लावायची न्हाय असं कुठं म्हणाल्यात?" असं म्हणून त्यांनी चिमूट माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर दाबली.

काही नाही. त्यांचं बोटसुद्धा मला नुसतं दिसलं, लागलं नाही.

"कळतंय?"

मी मान हलवली, नाही.

"थांब मग. कुठं जायचंय तुला?"

दोघी बसून राहिलो. गोठ्यात धारा चालल्या होत्या. बऱ्याच वेळानं हनुवटीला मुंग्या आल्या. मग कोपऱ्यात बारीकसं काहीतरी चुणचुणलं. खात्री होईपर्यंत मी बोलले नाही. ते चढलं, पसरलं, टिकलं. डोळ्यांना धार लागली.

"लवंगी जास्त पडलीया," मी सुजलेल्या तोंडानं बोबडं म्हटलं.

"काय?"

"लवंगी मिरची. जास्त."

सासूबाईंनी चिमूट स्वतःच्या जिभेवर टाकली, चघळली, वाटीकडं बघितलं. "माझ्या चटणीला नाव ठेवतीस व्हय," म्हणाल्या आणि पदर पाण्यात भिजवून माझा ओठ पुसू लागल्या, जरा जास्तच जोरानं. त्यांच्या इरकली लुगड्याचा जाड काठ मला स्पष्ट खरखरीत लागत होता. मी त्यांना हवं तेवढं पुसू दिलं.