उघड्या लोखंडावर फोडलेला नारळ

त्या दिवशी माझं कशातच चित्त लागेना. तापीवरच्या जुन्या लोखंडी पुलाच्या दुरुस्तीचं आणि रंगाचं काम आमच्या टोळीकडे होतं, आणि पडल्यानंतर पहिल्यांदाच माझा मोठा भाऊ उंचावर, पुलाबाहेर दोरांनी टांगलेल्या फळीच्या झुल्यावर बसून काम करणार होता. इच्छापोरला एका शेडच्या पत्र्यावरून तो पडला होता. पाय जुळला, पण स्टुलावर चढून पंखा पुसायलाही तो तयार नसायचा. मुकादमानं स्पष्ट सांगितलेलं, "आज झुल्यावर उतरला तर टोळीत. नाहीतर जा गावाला, शेळ्या राख." गाव धुळ्याकडचं, आणि शेळ्या कुठल्या आल्यात!

कोसाडच्या आमच्या भाड्याच्या खोलीतून निघताना मायनं नारळ दिला होता. लोखंडाला हळदकुंकू लाव, नारळ फोड, मगच भावाला उतरू दे, म्हणाली. आमच्याकडे नवा माग असो की मोटरसायकल, नारळाशिवाय कामाला लावत नाहीत. मीही दीडशहाणा! सकाळीच मशीननं गंज उडवून लख्ख केलेल्या तुळईला ओल्या हातानं कुंकवाची बोटं लावली आणि तिच्यावरच नारळ आपटला. पाणी पार खालच्या पट्टीपर्यंत ओघळलं. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. मुकादमानंही खाल्लं, हो!

रंग नसलेल्या लोखंडाला पाणी म्हणजे वैरी. जेवून प्रायमरचा डबा घेऊन आलो, तर नारळाचं पाणी गेलं तिथे तिथे तपकिरी ओघळ. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब हजर.

"ये किसने किया?"

खोबरं खाणारे सगळे नदीकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, परत घासा, त्याशिवाय प्रायमर लावायचा नाही. वरची तुळई मी उभ्या उभ्या घासली. खालची पट्टी मात्र बाहेरच्या अंगाला, झुल्यावर बसल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.

मी सेफ्टी बेल्ट उचलला, तर भाऊनं तारेचा ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. "नारळ मन्हा नावना व्हता ना? मंग मीच जास."

तो उतरला. मी कठड्यावरून अर्धा बाहेर वाकलो. "हूक लावला का? पाय जपून. अरे, तिकडे सरकू नको!" माझं तोंड थांबेना. त्यानं ब्रश टेकवला आणि त्याचे हात लटलटा कापायला लागले. दोन्ही हातांनी दोर धरून तो बसून राहिला.

"भाऊ, वर ये! चुलीत गेलं ते काम!"

त्यानं वर बघितलं. "तू जाय आठून!"

मला वाटलं, चिडून हाकलतोय. मग तो हळू आवाजात म्हणाला, "नदी देखीसन काहीच वाटत नही. तुन्हं तोंड देखं का मन्हा हात कापतस."

मी गपकन मागे झालो. तो पडल्यापासून कोसाडच्या जिन्यावरसुद्धा मी त्याचा दंड धरून चालायचो. घाम आला का, चक्कर येते का, दिवसभर विचारायचो. माया करतोय असंच वाटायचं मला.

पुलाच्या पलीकडच्या कठड्याशी जाऊन मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. थोड्या वेळानं घासण्याचा आवाज सुरू झाला. मध्येच थांबायचा, आणि माझा जीव कासावीस व्हायचा. पण मी मान वळवली नाही.